सोडियम फ्लोराइड लॅबमध्ये कसं हाताळायचं, वजन करण्यापासून वेस्टपर्यंत

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये जा नाहीतर कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये, कपाटात सोडियम फ्लोराइडची एखादी प्लास्टिकची बाटली असतेच. स्टँडर्ड सोल्युशन, म्हणजे फ्लोराइड नेमकं किती आहे हे माहीत असलेलं तुलनेचं सोल्युशन, बनवायला लागते. आता एका वेळी लागतं पाव ग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे ५०० ग्रॅमची बाटली आणली की ती वर्षानुवर्षं संपतच नाही, आणि इतकी वर्षं कपाटात बसलेल्या बाटलीची मग कुणाला भीतीच राहत नाही. बीएससीची मुलं, नवीन लागलेले टेक्निशियन आणि लॅब पुसणारे मामा-मावशी यांना कोणी बसवून नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी घ्या: हे पोटात जाऊ द्यायचं नाही, याची ॲसिडशी गाठ पडू द्यायची नाही, आणि जिथे ही बाटली आहे तिथे कॅल्शियमची सोय असलीच पाहिजे. पुढचं सगळं याच तीन गोष्टींचं सविस्तर आहे.

आधी पावडर ओळखा

पांढरी, बारीक, बिनवासाची. साधं मीठ शेजारी ठेवलं तर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही, क्रिस्टलची रचनासुद्धा मिठाचीच, क्यूबिक. रेणुभार ४१.९९, त्यातला फ्लोराइडचा वाटा सुमारे ४५ टक्के, म्हणजे २.२१ मिग्रॅ पावडर घेतली की १ मिग्रॅ फ्लोराइड मिळतं, हा आकडा पाठच करून टाका कारण सगळी गणितं त्याच्यावर चालतात. वितळायला ९९३ अंश लागतात, पेट घेत नाही, हवेत उघडी राहिली तर पाणी ओढून लगेच चिकट होत नाही, उजेडाने खराब होत नाही. या बाबतीत अगदी गरीब रसायन.

पाण्यात विरघळण्याचं मात्र विचित्र आहे. २० अंशाला १०० मिली पाण्यात जेमतेम ४ ग्रॅम विरघळतं आणि पाणी उकळलं तरी ५ च्या आसपासच. गरम केलं की जास्त विरघळेल ही आपली सवय इथे चालत नाही. कोणी तुम्हाला सोडियम फ्लोराइडचं १० टक्के सोल्युशन बनवायला सांगितलं तर हॉटप्लेटवर तासभर ढवळत बसू नका, ते होणारच नाही, तेवढं स्ट्राँग फ्लोराइड खरंच हवं असेल तर पोटॅशियम फ्लोराइड घ्यावं लागतं, ते भरपूर विरघळतं (आणि तितकंच जास्त जपून वापरावं लागतं). अल्कोहोलमध्ये तर सोडियम फ्लोराइड जवळपास विरघळतच नाही.

पोटात गेलं तर काय होतं

याची खरी धास्ती इथे आहे. फ्लोराइडचा विषारी डोस धरताना डॉक्टर लोक शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिग्रॅ फ्लोराइड ही रेषा धरतात, त्याच्यावर गेलं की हॉस्पिटल. आता हिशोब करा. ६० किलोच्या माणसाला ३०० मिग्रॅ फ्लोराइड, म्हणजे साधारण ६६० मिग्रॅ पावडर. १५ किलोच्या मुलाला ७५ मिग्रॅ, म्हणजे १६६ मिग्रॅ पावडर, चिमूटभरसुद्धा नाही. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतणारा डोस ५ ते १० ग्रॅम सांगतात, आणि चहाच्या एका सपाट चमच्यात ५ ग्रॅमच्या आसपास पावडर सहज बसते.

पोटात गेल्यावर तिथल्या ॲसिडशी मिळून त्याचं हायड्रोजन फ्लोराइड होतं, ते आतलं अस्तर भाजतं आणि भराभर रक्तात शिरतं. रक्तात गेल्यावर फ्लोराइड कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पकडून बसतं, कॅल्शियम घसरलं की हातापायाला मुंग्या, स्नायूंना पेटके, आणि वाईट म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात. सुरुवात मात्र साध्या फूड पॉयझनिंगसारखी होते, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब. म्हणून लोक फसतात, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल म्हणून तास-दीड तास घालवतात आणि तोच वेळ महत्त्वाचा असतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाहीये. १८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या सेलम गावी सरकारी मनोरुग्णालयात रात्रीच्या जेवणाला अंड्याची भुर्जी होती, त्यात घालायला दुधाची पावडर आणायला एका मदतनीस रुग्णाला तळघरात पाठवलं आणि तो दुधाच्या पावडरऐवजी झुरळं मारायची पावडर घेऊन आला. ती पावडर म्हणजे सोडियम फ्लोराइड. ४७ माणसं गेली. त्या काळी झुरळांसाठी हेच सर्रास वापरायचे, आणि कीटकनाशकाच्या मालाला पुष्कळदा निळा रंग घातलेला असतो तो अशा गोंधळासाठीच. आपल्या लॅबच्या बाटलीतल्या पावडरीला रंगबिंग काही नसतो हे लक्षात असू द्या.

टूथपेस्टमध्ये पण हेच असतं ना, मग? असतं, पण किती ते बघा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम आहे, म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त १ मिग्रॅ. ब्रशवर वाटाण्याएवढी घेऊन थुंकून टाकली तर काही होत नाही. पण १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिग्रॅ होतात हेही खरं, त्यामुळे लहान मूल गोड लागते म्हणून ट्यूब चोखत बसलं तर हसण्यावारी नेऊ नका.

बाटली ठेवायची कुठे आणि लेबल कसं

सगळ्यात पहिली गडबड नावाची. सोडियम क्लोराइड आणि सोडियम फ्लोराइड, लेबल जुनं झालं, कोपरा फाटला, की दोन्ही सारखंच. अक्षरांच्या क्रमाने कपाट लावणाऱ्यांकडे या दोन बाटल्या हमखास जवळपास येतात. माझं स्पष्ट मत आहे की फ्लोराइडची बाटली विषारी रसायनांच्या कुलुपाच्या कपाटातच असावी, मग इन्स्पेक्शनवाले काहीही म्हणोत. नियमाने पण हा माल वाहतुकीत यूएन १६९० नंबरचा, वर्ग ६.१ म्हणजे विषारी पदार्थ, त्याच्या लेबलवर कवटीचं चिन्ह असतं ते उगाच नाही.

कपाट ॲसिडच्या कपाटापासून लांब असावं. एकाच रॅकवर वर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि खाली फ्लोराइड ही मांडणी मी खूप ठिकाणी बघितली आहे, वरची बाटली गळली की खाली काय होईल याचा विचार कोणी केलेला नसतो. वरून झाकण घट्ट, बाटली मूळचीच. दुसऱ्या डब्यात काढून ठेवायची हौस नको, आणि काचेच्या बरणीत तर मुळीच नको.

आणि सोल्युशन मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरायचं नाही. प्लास्टिकची बाटली हवी असते, समोर रिकामी दिसते, भरली जाते. ते दिसतं पाण्यासारखं, वास नाही, उन्हाळ्यात कोणीतरी तहानलेला येणारच. १०० मिग्रॅ प्रति लिटरच्या स्टॉकचा (पुढे पातळ करून वापरायला बनवून ठेवलेलं मूळ सोल्युशन) एखादा घोट गेला तर मोठ्या माणसाला फारसं काही होणार नाही, पण सॅच्युरेटेड सोल्युशनचं गणित वेगळं, त्याच्या १०० मिलीमध्ये जवळपास पावणेदोन ग्रॅम फ्लोराइड असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किलोमागे ३० मिग्रॅ. वरची ५ ची रेषा आठवा.

वजन आणि स्टँडर्ड सोल्युशन

हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल, अंगात कॉटनचा ॲप्रन, आणि पावडर उडण्यासारखी असेल तर एन-९५ मास्क. पंखा बंद. हे शेवटचं लोक विसरतात, बॅलन्स रूममध्ये एसी नसला की डोक्यावर पंखा फुल स्पीडवर आणि खाली स्पॅच्युलावर विष. हवेतल्या फ्लोराइडच्या धुळीची मर्यादा कामाच्या ८ तासांना सरासरी २.५ मिग्रॅ प्रति घनमीटर धरतात, पाव ग्रॅम वजन करताना तुम्ही तिथे पोचणार नाही, पण गोदामात २५ किलोची पोती ओतणाऱ्याचं तसं नाही. १९३२ मध्ये कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांच्या एक्स-रेमध्ये हाडं दाट आणि जाड झालेली दिसली, तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की रोजच्या धुळीतून फ्लोराइड हाडात साठत जातं. क्रायोलाइट हेही फ्लोराइडचंच मीठ.

आता कृती. पावडर १०५ अंशाला दोन तास ओव्हनमध्ये, मग डेसिकेटरमध्ये गार. ॲनालिटिकल बॅलन्सवर प्लास्टिकच्या वेइंग बोटमध्ये ०.२२१० ग्रॅम घ्यायचे, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचे आणि १ लिटर करायचे, झालं तुमचं १०० मिग्रॅ प्रति लिटर फ्लोराइडचं स्टॉक. बरोब्बर ०.२२१० यावं म्हणून पावडर टाकायची, काढायची, परत टाकायची असा खेळ खेळू नका, त्यातच सांडासांड होते आणि काढलेली पावडर परत मूळ बाटलीत जाते, जी कधीच जायला नको. ०.२२३६ आलं तर तेच लिहा, ०.४५२५ ने गुणा, १०१.२ मिग्रॅ प्रति लिटर असं लेबल लावा आणि पुढच्या गणितात तोच आकडा धरा.

फ्लास्क प्लास्टिकचा मिळाला तर उत्तम, पॉलिप्रोपिलीनचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क मिळतात. नसेल तर काचेच्यात बनवून लगेच पॉलिथिनच्या बाटलीत काढा, पाच-दहा मिनिटांनी काचेला काही होत नाही, पण रात्रभर, आठवडाभर ठेवलं तर फ्लोराइड काचेतल्या सिलिकाशी लागतं, तुमचं स्टँडर्ड हळूहळू बिघडतं आणि मग ग्राफ का येत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं. स्टॉकमधून १०० मिली घेऊन १ लिटर केलं की १० मिग्रॅचं वर्किंग स्टँडर्ड, त्यातलं ५ मिली ५० पर्यंत नेलं की १ मिग्रॅ. पिपेट तोंडाने ओढायचा नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण अजून ओढतात लोक.

आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड (पाण्यात बुडवून फ्लोराइड मोजायचा प्रोब) वापरत असाल तर सॅम्पलमध्ये टिसॅब बफर (सगळ्या सॅम्पलचा पीएच सारखा ठेवणारं मिश्रण) समान भागात घालायचा, त्याचा पीएच ५.३ ते ५.५ असतो, इथे कोणाच्या मनात शंका येते की बफरमध्ये तर ॲसेटिक ॲसिड आहे, मग चालतं कसं, तर त्याचं उत्तर पुढे आहे. बीकर मात्र प्लास्टिकचेच वापरा. ढवळायला मॅग्नेट टाकाल तर सगळ्यांना एकाच स्पीडने ढवळा. ॲल्युमिनियमची भांडी जवळ आणू नका, ॲल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट बांधून ठेवतं आणि रिडिंग कमी येतं. याच गुणाचा उपयोग नागपूरच्या नीरीने फ्लोराइड काढायच्या नलगोंडा पद्धतीत केला, तुरटी आणि चुना टाकून.

ॲसिडचं प्रकरण

हा भाग दोनदा वाचा. सोडियम फ्लोराइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. त्याचा उत्कलनबिंदू १९.५ अंश, म्हणजे आपल्याकडे पुण्याच्या डिसेंबरमधली पहाट सोडली तर तो वायूच. ४२ ग्रॅम पावडरीतून २० ग्रॅम, जवळपास निम्म्या वजनाचं. हा वायू नाकाला झोंबतो, फुप्फुसात पाणी करू शकतो, आणि पाण्यात विरघळला की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड.

या ॲसिडची बदमाशी अशी की सौम्य असेल तर कातडीवर पडलेलं लगेच कळतच नाही. सल्फ्युरिक पडलं तर माणूस ओरडतो आणि नळाकडे पळतो. हे मात्र शांतपणे कातडीतून आत उतरतं, काही तासांनी ठणका सुरू होतो तोवर आत मांसापर्यंत, हाडापर्यंत गेलेलं असतं, आणि बाहेरून पाहिलं तर नुसता लालसर डाग. मोठ्या भागावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियमच खाली आणतं.

आता वरच्या शंकेचं उत्तर. हायड्रोफ्लुओरिक तसं कमजोर ॲसिड, त्याचा पीकेए ३.२ च्या जवळ. म्हणजे पीएच ३.२ ला तुमच्या फ्लोराइडपैकी निम्मं या ॲसिडच्या रूपात असतं, पीएच १ ला जवळपास सगळं, पण ५.३ ला शंभरात एक भागसुद्धा नाही, आणि न्यूट्रल पाण्यात नसल्यासारखंच. म्हणून टिसॅब चालतो. त्यात भर म्हणजे तिथे फ्लोराइड असतं १-२ पीपीएम. स्पॅड्न्स रिएजंट (रंगावरून फ्लोराइड मोजायच्या पद्धतीतलं द्रावण) तर चांगलाच ॲसिडिक असतो, तोही एवढ्याच कारणाने चालतो, मात्रा अगदी क्षुल्लक. कोरडी पावडर किंवा स्ट्राँग सोल्युशन आणि ॲसिड हे मात्र फ्युम हूडशिवाय आणि माहितगार माणूस शेजारी असल्याशिवाय कधीच नाही. एन-९५ मास्क इथे काही कामाचा नाही, तो धूळ अडवतो, वायू नाही.

प्रत्यक्षात ॲसिड येतं कुठून? प्रयोगातून क्वचित. जास्त वेळा येतं साफसफाईतून. सिंकवर पांढरा थर बसलाय म्हणून मावशी संडास साफ करायचं ॲसिड ओततात, ते हायड्रोक्लोरिकच असतं, आणि सकाळी त्याच सिंकमध्ये कोणीतरी फ्लोराइडचा उरलेला माल ओतलेला असतो. किंवा काचसामान क्रोमिक ॲसिडमध्ये बुडवायची जुनी पद्धत, त्यात फ्लोराइडची पावडर चिकटलेला बीकर गेला. म्हणून फ्लोराइडची भांडी वेगळी ठेवा, त्यांच्यावर मार्करने खूण करा, आधी भरपूर पाण्याने आणि मग साध्या साबणाने धुवा. मामा-मावशींना तोंडी सांगा, नुसता कागद चिकटवून भागत नाही, आणि इंग्रजी कागद तर मुळीच नाही.

एक सावधगिरी अजून. अमोनियम बायफ्लोराइड म्हणून याचा एक भाऊबंद आहे, काचेवर नक्षी कोरायला आणि धातू चमकवायच्या लिक्विडमध्ये असतो. तो स्वतःच ॲसिडिक, पाण्यात विरघळला की ॲसिड न घालताच हायड्रोफ्लुओरिक तयार. सोडियम फ्लोराइड संपलंय तर हेच घेऊ असं कोणी म्हणालं तर हात धरा त्याचा.

काही झालंच तर

पोटात गेलं: तोंड खळखळून धुवायला लावा, शुद्धीवर असेल तर ग्लास-दोन ग्लास दूध पाजा, कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या ॲसिडिटीच्या गोळ्या असतील तर त्याही चालतात, कारण कॅल्शियम पोटातच फ्लोराइडला पकडतं आणि ते रक्तात कमी जातं. उलटी मुद्दाम काढायची नाही, मिठाचं पाणी नको, घशात बोटं नकोत. लिंबूपाणी तर अजिबात नको, त्यातलं ॲसिड आपण उलट मदतीला पाठवतोय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका. १०८ ला फोन करा आणि निघा, बरोबर बाटली किंवा तिच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या. डॉक्टरांना नुसतं केमिकल प्यायलं असं सांगू नका, फ्लोराइड हा शब्द सांगा, किती आणि किती वाजता ते सांगा, कारण त्यांना ईसीजी लावून कॅल्शियम बघायचं असतं, गरज पडली तर शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं असतं, आणि विषबाधेत नेहमी देतात तो कोळसा इथे फारसा उपयोगाचा नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, तो आत्ताच लॅबच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि एकदा लावून बघा.

डोळ्यात गेलं: वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून, घड्याळ लावून. १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. मग डोळ्यांचे डॉक्टर.

कातडीवर कोरडी पावडर किंवा साधं सोल्युशन: पाण्याने धुवा, पावडर लागलेले कपडे काढा, जखम किंवा चीर असेल तर दाखवून या, नाहीतर फार काही नसतं. पण ॲसिड मिसळलेलं असेल किंवा तशी नुसती शंका असेल तर हायड्रोफ्लुओरिकच धरून चाला, लगेच भरपूर पाणी आणि मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळत राहायची, हॉस्पिटलला पोचेपर्यंत. दुखत नाहीये म्हणून थांबायचं नाही. ही जेल आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बहुतेक मिळत नाही, म्हणून आधीच सोय करा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्क्यांचं इंजेक्शन २५ मिली आणि पाण्यात विरघळणारी लुब्रिकंट जेली ७५ मिली मिसळली की होते, ओळखीच्या डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून बनवून घ्या, तारीख टाकून फ्रिजमध्ये ठेवा. लावणाऱ्याने ग्लोव्ह्ज घालायचे, नाहीतर पेशंट एकाचे दोन.

पावडर सांडली: कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. ओला कागद किंवा ओलं फडकं वर टाका, गोळा करा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीवर नाव लिहा, मग जागा दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसा. फडकी पण त्याच पिशवीत. फरशीला ॲसिड नाही, हे आता सांगायला नकोच.

वेस्टचं काय करायचं

सगळं बेसिनमध्ये ओतायची जी आपली राष्ट्रीय सवय आहे ती इथे सोडा. सांडपाण्यात फ्लोराइडची मर्यादा आहे, नदी-नाल्यात सोडायचं असेल तर २ मिग्रॅ प्रति लिटर, सार्वजनिक गटारात १५. तुमचं १०० मिग्रॅचं उरलेलं स्टॉक दोन्हीत बसत नाही. प्लास्टिकचा एक कॅन ठेवा, फ्लोराइड वेस्ट असं मराठीत लिहा, आणि त्यात ॲसिडवालं काही जाऊ देऊ नका. टिसॅबवालं आणि स्पॅड्न्सवालं वेस्ट वेगळ्या कॅनमध्ये, टिसॅबमध्ये सीडीटीए असतं ते कॅल्शियमलाच धरून बसतं, आणि क्लोरीन घालवायला आर्सेनाइट वापरत असाल तर तो आर्सेनिकचा वेगळाच ताप.

कॅन भरत आला की कॅल्शियमने फ्लोराइड खाली बसवता येतं. १० ग्रॅम सोडियम फ्लोराइड गेलं असेल तर हिशोबाने साधारण साडेसतरा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं, प्रत्यक्षात ३० ग्रॅम घ्या, जास्तीचं कॅल्शियम असलेलंच बरं. चुन्याच्या निवळीने पीएच ८-९ ला आणा, ढवळा, रात्रभर ठेवा. कॅल्शियम फ्लोराइड फार बारीक पडतं, दूध फाटल्यासारखं छान खाली बसत नाही, तासन् तास धूसरच राहतं, चिमूटभर तुरटी टाकली की लवकर बसतं. वरचं पाणी काढून इलेक्ट्रोडवर तपासा. कॅल्शियम फ्लोराइड स्वतःच लिटरमागे १६ मिग्रॅच्या आसपास विरघळतं, म्हणजे या पद्धतीने फ्लोराइड ८ मिग्रॅच्या खाली न्यायला अवघड, सहसा १० ते २० मध्ये कुठेतरी अडकतं, त्यामुळे गटाराची मर्यादा कधी जमते कधी नाही, नाल्याची तर नाहीच. नाही जमलं तर पातळ करून सोडून द्यायचं नसतं, परत तुरटी घालून करायचं नाहीतर कॅन तसाच पुढे पाठवायचा.

खालचा गाळ आणि कपाटातली १५-२० वर्षांची जुनी बाटली, दोन्ही घातक कचऱ्यात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा आहेत, कॉलेजने किंवा संस्थेने त्यांची मेंबरशिप घेतलेली असते किंवा घ्यायला हवी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदपत्रांचं काम ऑफिसच्या गळ्यात टाका. भंगारवाल्याला बाटली द्यायची नाही, रिकामी असली तरी नाही. रिकामी बाटली तीनदा पाण्याने विसळा, ते पाणी वेस्टच्या कॅनमध्ये, लेबल फाडा, तळाला भोक पाडा, कारण लॅबची जाड प्लास्टिकची बाटली चांगली दिसली की ती कोणाच्या तरी घरी साखरेला जाते. आणि पुढच्या वेळी इंडेंट लिहिताना ५०० ऐवजी १०० ग्रॅमच मागवा, तीही तुम्हाला रिटायर होईपर्यंत पुरेल.